तोंडभर चुका

९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार वगैरे सगळं नेहमीचं समजून घे. सुरुवात कशी करायची या विचारात कागद फाडत बसलो होतो. आता आणखी फाडला तर ही ओरडेल, म्हणून जे आलं ते आलं.

तुझ्या लेकीचा फोन आला होता. म्हणाली, "मामा, आई बोलत नाही." मी म्हटलं, "माझ्याशी ना? ते मला जुनंच माहीत आहे." तर म्हणाली, "कुणाशीच नाही." मग तिने सगळं सांगितलं. झटका, उजवा हात, दवाखाना, आता घरी आणलंय. ऐकू येतं, समजतं, पण शब्द बाहेर पडत नाही. मी नुसता हूं हूं करत राहिलो. फोन ठेवल्यावर हिने विचारलं, काय झालं? तर माझ्याही तोंडून शब्द फुटेना. ही घाबरली, हिला वाटलं मलाही तेच झालं.

भाची म्हणत होती, आईच्या कानाला फोन लावते, तू बोल. पण पलीकडे तू गप्प आणि अलीकडे मी एकटा बडबडतोय, हे मला झेपणार नाही. तू गप्प बसलीस की लहानपणापासून मला वाटतं, आपल्या हातून काहीतरी फुटलंय. म्हणून पत्र. भाची वाचून दाखवेल. बाळ, माझं शिक्षण पाचवीत सुटलं, तेव्हा एखादं अक्षर लागलं नाही तर सोडून दे, अंदाजाने वाचू नकोस. अंदाजाने फार घोटाळे होतात.

मागची गोष्ट मी काढणार नाही. दुकानात गिऱ्हाइकासमोर तू मला जे म्हणालीस ते मी विसरलेलो नाही, पण तू आजारी आहेस, तेव्हा ते राहू दे. बघ, काढली नाही.

इथलं सांगतो. दुकान चालू आहे. हल्ली लोक खुर्ची मोडली की नवीनच आणतात, तरी माझ्यासारखे काही जुने लोक आहेत, ते येतात. काल एक गृहस्थ आरामखुर्ची न्यायला आले. पट्ट्या ताणून, काथ्या भरून, वर कापड चढवून तयार ठेवली होती. बसून बघतो म्हणाले आणि असे धपकन बसले की खालची पट्टीच तुटली. वर मलाच म्हणतात, "काम कच्चं आहे." नुसता टोणगा! पण बोलणार काय, माझ्या तोंडात चुका होत्या. (चुका म्हणजे आमचे बारीक खिळे, बाळ. कापड ठोकताना ते आम्ही ओठांत धरतो आणि एकेक काढून ठोकतो.)

पुढे काय लिहावं याचा विचार करत बसलोय. विचार करताना कापडाची किनार बोटांत धरून नाकाखाली घासायची माझी खोड तुला आठवत असेल. धंद्याची सवय, कापड पारखायची. ही म्हणते, "हुंगून हुंगून काय सापडणार आहे?"

औषध वेळेवर घे. जिन्याकडे जाऊ नकोस. खिडकी उघडी ठेवायला सांग, पण वारा अंगावर येईल अशी नको. गरम पाणी पी, पण फार गरम नको.

तुझा भाऊ

२० फेब्रुवारी

ताई,

भाचीचा फोन आला. म्हणाली, सगळं पत्र होईपर्यंत तू भिंतीकडे बघत होतीस, पण 'टोणगा' आला तेव्हा ओठाचा डावा कोपरा हलला. जावईबापू म्हणतात, शीर ओढली गेली असेल. भाची म्हणते, आई हसली. मी भाचीच्या बाजूचा आहे.

तुला बोलायला शिकवायला जी मुलगी येते, तिच्याशीही भाचीने माझं बोलणं करून दिलं. गोड आवाजाची आहे. ती तुला चित्रं दाखवते म्हणे, कप, घर, मांजर, आणि 'म्हण' म्हणते. आणि तू तिच्याकडे बघत बसतेस. मी तिला विचारलं, "पोरी, तिला आयुष्यात कधी कुणी 'म्हण' म्हटल्यावर ती म्हणाली आहे का?" हसली. मग एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मी दुकानाच्या पायरीवरच बसलो. म्हणाली, बोलणं गेलेल्या काही माणसांचं गाणं शिल्लक राहतं, आकडे मोजणं राहतं, आणि शिव्या राहतात. डोक्यात त्यांचा कप्पा निराळा असावा असं म्हणतात. आणि तुझा तो कप्पा केवढा, हे मला विचारा! बाकीच्यांचा कप्पा, तुझं गोदाम.

म्हणून ठरवलं. त्या मुलीने कप आणि मांजर दाखवावं, मी गोदामातला माल पाठवतो.

पहिला 'ठोंब्या'. हा तुझा सगळ्यात वापरातला. प्रसूतिगृहात तू नर्स होतीस तेव्हा मी एकदा तुझा डबा घेऊन आलो होतो. दार अर्धं उघडं होतं. आत एक मूल जन्मलं होतं आणि रडत नव्हतं. तू त्याला पालथं धरून पाठीवर चापट मारलीस आणि ओरडलीस, "रड की रे, ठोंब्या!" आणि ते असं रडलं की माझ्या हातातला डबा पडला. या गावातल्या निम्म्या लोकांनी जगात आल्यावर पहिला शब्द ऐकला तो ठोंब्या. त्यातले काही आता मोठ्या खुर्च्यांवर बसतात, त्यांच्या खुर्च्या माझ्याकडे येतात. मी काही बोलत नाही.

आमच्या समोरचा चष्मेवाला तुला माहीत आहे. त्याच्याकडे दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा तो भिंग लावून जाडजूड शब्दकोश वाचतो. मी विचारलं, ठोंब्या कुठून आला? म्हणाला, "ठोंब म्हणजे जाड कोंब. जमिनीतून नुसता वर आलेला. पान नाही, फूल नाही, मख्खासारखा उभा." मी म्हटलं, मग ही शिवी कसली? पान यायचंय एवढाच अर्थ झाला. तो म्हणाला, "तुला शिवी दिली तर तू आनंदाने पावती देशील."

दुसरा 'खोगीरभरती'. हा तू आपल्या वडिलांच्या मित्रांना वापरायचीस, संध्याकाळी येऊन बसायचे आणि चहा संपल्याशिवाय उठायचे नाहीत त्यांना. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवरचं. त्याच्या आत चिंध्या, लोकर, जे हाताला लागेल ते कोंबायचे, त्याला भरती. म्हणून कामाची नसलेली, जागा भरायला आणलेली माणसं म्हणजे खोगीरभरती. पण ताई, भरतीवर सगळं आयुष्य काढलेला माणूस म्हणून मी सांगतो, हा अन्याय आहे. भरती नसेल तर घोड्याच्या पाठीला जखम होईल आणि वरचा शूर गडी उड्या मारत जाईल. वर बसणाऱ्याचं नाव होतं, आतल्या चिंध्यांना कोण विचारतो?

चिंध्यांचा विषय आलाच आहे तर, नको, राहू दे.

आपला दोघांचा एकुलता एक फोटो दुकानात लावलाय. तू उभी, मी तुझ्या कडेवर, माझं तोंड रडवेलं. तुझ्या झग्याचा काठ एका बाजूने आखूड आहे. एवढी वर्षं तो फोटो बघतोय आणि त्या शिंप्याला ठोंब्या म्हणतोय. कापड सरळ कापता येत नसेल तर माणसाने दुसरं काहीतरी करावं.

हात चोळत जा. दोन्ही. चांगला हात आहे म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष नको.

तुझा भाऊ

३ मार्च

आदरणीय ताई,

आपली प्रकृती आता सुधारत असेल अशी आशा आहे. आम्ही येथे सुखरूप आहोत. हवा बरी आहे. सकाळी थोडा गारवा असतो. आपणही काळजी घ्यावी. आहार हलका असावा. मन प्रसन्न ठेवावे.

हे असं का लिहितोय ते सांगतो. जावईबापूंचा फोन आला होता.

"मामा, तुम्ही आजारी माणसाला शिव्या पाठवता?"

मी म्हटलं, "शिव्या नाहीत हो, शब्द आहेत."

"आमच्या घरात असले शब्द चालत नाहीत."

"मग तुमच्या सासूबाई इतकी वर्षं तिथे काय बोलत होत्या?"

तर म्हणाले, "तरीही. शेजारी ऐकतात."

मला रात्रभर खरंच वाटत राहिलं की चुकतंय आपलं. तुझा रक्तदाब वाढला तर? ठोंब्या ऐकून दुसरा झटका आला तर? हिला विचारलं. ही म्हणाली, "तुमच्या बहिणीला शब्दांनी काही होत नाही. शब्दांनी होतं ते तुम्हाला." टोमणा होता, मला कळला.

तरी जावईबापूंचा मान ठेवायचा म्हणून हे पत्र साधं लिहायचं ठरवलं. हवा बरी आहे हे लिहिलं का? लिहिलं. फुलं उमलली आहेत. माझ्या दुकानापुढे नाहीत, पण कुठेतरी उमलली असतील.

ताई, हे असलं मला लिहवत नाही. चष्मेवाला परवा 'ढ'बद्दल काय म्हणाला माहीत आहे? शाळेत मला सगळे 'ढ' म्हणायचे आणि तू त्या पोरांच्या मागे पट्टी घेऊन धावायचीस. तो म्हणतो, बाकीची सगळी अक्षरं हजारो वर्षांत बदलत गेली, कुणाला शेपूट आलं, कुणाला पोट आलं, पण ढ तसाच राहिला. पुढे सरकला नाही, म्हणून वर्गात पुढे न सरकणारा तो ढ, असं सांगतात. मला तर बरं वाटलं. एवढे राजे आले गेले, आणि हा आपला वाटोळा बसलाय जागच्या जागी. माझं दुकानही तसंच आहे.

आणि 'ऐदी'! तू मला सुट्टीच्या दिवशी पांघरूण ओढून म्हणायचीस ना, ऊठ रे ऐद्या? तो म्हणे आधी शिपाई होता. बादशहाच्या खास मर्जीतला. बोलावणं आलं तरच हत्यार उचलायचं, नाहीतर घरी बसून पगार. मग लोकांनी त्याचं जे करायचं ते केलं. म्हणजे तू मला सरदारासारखं उठवत होतीस आणि मी रडत होतो.

बघ, साधं पत्र लिहायला बसलो होतो. भाची, बाळ, जावईबापू घरात असतील तर 'सकाळी थोडा गारवा असतो' इथपर्यंतच वाच.

आपला नम्र
भाऊ

१४ मार्च

ताई,

काय ऐकतोय मी? 'आपली प्रकृती' ऐकून तू पांघरूण डोक्यावर घेतलंस? आणि जावईबापूंनीच शेवटी म्हटलं, "जाऊ दे, तो टोणगा पुन्हा वाच"? त्यांना माझा नमस्कार सांग. म्हणजे भाची सांगेल. माणूस चांगला आहे. त्यांच्या घरची एखादी खुर्ची डगमगत असेल तर पाठवा म्हणावं.

पण शब्द अजून आला नाही. ती बोलणं शिकवणारी मुलगी म्हणते, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात. पुढेही येऊ शकतं, पण आता जेवढं घडेल तेवढं चांगलं. ती हे गोड आवाजात सांगते, म्हणून मला जास्त भीती वाटते. तू उरलेलं आयुष्य भिंतीकडे बघत काढशील या विचाराने मला काम सुचत नाही. काल एका सोफ्याला कापड उलटं ठोकलं.

म्हणून आज मी ती गोष्ट काढतोच. तू आजारी आहेस म्हणून मी गप्प होतो, पण गप्प राहून कुणाचं भलं झालंय? तू गप्प, मी गप्प, आणि भाची बिचारी मधे.

भाचीला कळावं म्हणून नीट सांगतो. मी त्या दिवशी वकीलसाहेबांच्या घरचा मोठा सोफा ठोकत होतो. वकीलसाहेबांची बायको समोर उभी, कापड तिनेच आणलेलं, निळं, भारी. माझं तोंड चुकांनी भरलेलं. तू दारातून आलीस, हातात पिशवी, चांगली हसत होतीस, आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणालीस, "काय रे, चिंधीचोरा!"

ताई, दुसऱ्या कुणाला म्हणाली असतीस तर चाललं असतं. वाण्याला म्हण, मास्तरला म्हण. पण आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आपलं कापड देऊन जातं आणि उरलेल्या तुकड्यांवर त्याचा डोळा असतो. खुर्च्या भरणारा आणि चिंधीचोर, हे एकत्र उच्चारायचे शब्द आहेत का? वकिलीणबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या निळ्या तुकड्यांकडे. मी काही बोलू शकलो नाही, तोंडात चुका! थुंकून टाकेपर्यंत तू हसत होतीस आणि त्या बाई तुकडे गोळा करत होत्या. मग मी तुला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही, भाची वाचते आहे. तू पिशवी ठेवलीस आणि गेलीस. त्यानंतर तू आली नाहीस आणि मी बोलावलं नाही.

पुढे किती दिवस लोक कापड देताना टेप काढायचे. मी कधी कुणाची एक चिंधी घेतली नाही. उरलेला प्रत्येक तुकडा गुंडाळून खुर्चीबरोबर परत दिलाय. चष्मेवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "चिंधीचोर म्हणजे चोरांमधला सगळ्यात भिकार. सोनं नाही, पैसा नाही, चिंधी चोरणारा. चोर म्हणायच्याही लायकीचा नाही." म्हणजे बघ, चोर म्हणालीस ते म्हणालीस, वर भिकार चोर.

का म्हणालीस? मला बाकी सगळ्या शब्दांचं मूळ सापडलं, कोशात सापडलं नाही तर चष्मेवाल्याने जुळवून दिलं. पण तू मला चिंधीचोर का म्हणालीस याचं मूळ कुठल्याच कोशात नाही. ते तुझ्याकडे आहे. तुला बोलता येत नाही हे मला माहीत आहे. पण हे तुलाच सांगावं लागेल. कप म्हणू नकोस, मांजर म्हणू नकोस. हे सांग.

बोल की गं, ठोंबे!

भाऊ

१५ मार्च

ताई,

कालचं पत्र वाचू नकोस. भाची, ते फाडून टाक.

पेटीत टाकलं आणि लगेच वाटलं, मी काय केलं हे? आजारी बहिणीवर असं कुणी ओरडतं का? ठोंबे काय म्हणतो मी? पेटीपाशी उभा राहिलो. पोस्टमन आला तेव्हा म्हटलं, "वरचंच आहे, पिवळं पाकीट, देऊन टाका." म्हणाला, "आजोबा, पेटीत पडलं की ते तुमचं नाही, ज्याचा पत्ता त्याचं." मी म्हटलं, "अक्षर माझं आहे, लिहून दाखवू?" तो म्हणाला, "लिहून दाखवा आणि दुसरं टाका पेटीत." म्हणून हे दुसरं टाकतोय. ते आधी पोचेल की हे, देव जाणे.

तुझं चांगलं असो. तू काही सांगू नकोस. आराम कर.

भाऊ

२४ मार्च

ताई,

घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर भाची सांभाळून घेईल.

तिने फोनवर सगळं सांगितलं. तू तिथेच होतीस, तुला माहीतच आहे, पण मला खरं वाटावं म्हणून मी पुन्हा लिहितोय. लिहिलं की मला पटतं.

आधी ओरडणारंच पत्र पोचलं. भाची ते वाचू की नको करत होती, तर तू डाव्या हाताने पाकीट ठोकलंस, वाच म्हणून. तिने वाचलं. 'एक चिंधी घेतली नाही' इथे आली आणि तुझ्या तोंडून आवाज आला. जावईबापू धावत आले, त्यांना वाटलं ठसका लागला. तू हसत होतीस! आवाज करून हसत होतीस. मग तू चादरीचं टोक ओढलंस. जावईबापूंनी थंडी वाजते म्हणून घोंगडी घातली. ती तू फेकलीस. त्यांनी रुमाल दिला. तोही फेकलास. बोलणं शिकवणारी मुलगी आलेलीच होती. ती म्हणाली, थांबा, त्यांना काहीतरी सांगायचंय, कुणी काही देऊ नका.

मग तू अंगातल्या गाऊनचा काठ धरलास, आणि फाडल्यासारखं केलंस. टरकन. मग चादरीचं टोक मुठीत धरलंस, नाकाखाली घासलंस, अंगठा तोंडात घातलास, डोळे मिटलेस. मग डोळे उघडून माझ्या पत्राकडे बोट दाखवलंस. भाचीला कळेना. तेव्हा तू हात खाटेपाशी खाली धरून दाखवलास, एवढासा. एवढंसं मूल.

आणि मग म्हणालीस. भाची म्हणते, आधी नुसतं 'चिं' आलं, तोंड वाकडं करून, मग सगळं एकदम, जसं कुणी दार ढकलून आत यावं.

"चिंधीचोर."

ती मुलगी टाळ्या वाजवत होती, भाची रडत होती. जावईबापूंनी खिडकी उघडली आणि शेजाऱ्यांना ओरडून सांगितलं म्हणे, "सासूबाई चिंधीचोर म्हणाल्या!" मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

ताई, फोन चालू होता तेव्हा माझ्या हातात एका खुर्चीचं कापड होतं. मी खाली बघितलं. त्याची किनार माझ्या नाकाखाली होती.

फोन ठेवला आणि हिला सांगितलं. ही म्हणाली, "आणि तुम्ही म्हणायचात कापड पारखतो!" मी एवढी वर्षं सगळ्यांना तेच सांगितलं, ताई. मला खरंच तसं वाटायचं.

मग भिंतीवरचा फोटो काढला. पुसला. झग्याचा काठ एका बाजूने आखूड, आणि तिथे कापलेलं नाही, फाडलेलं आहे, धागे लोंबतायत. माझा व्यवसाय कापडाचा, आणि हे मला दिसलं नाही. शिंप्याला शिव्या देत राहिलो. त्या बिचाऱ्याला माझा नमस्कार, जिथे असेल तिथे. आणि फोटोत माझी एक मूठ घट्ट मिटलेली आहे. त्यात काय आहे ते दिसत नाही, पण आता कळलं.

आई तेव्हा कामाला जायची आणि तुझ्याजवळ मला सोडायची, एवढं मला ऐकून माहीत आहे. मी झोपत नसेन. तू तुझ्या चांगल्या झग्याची चिंधी फाडून हातात दिली असशील, आणि सकाळी परत मागितली तर मी देत नसेन. म्हणून चिंधीचोर. बरोबर ना? तू तेव्हापासून मनात मला तेच म्हणत असशील, आणि त्या दिवशी खूप दिवसांनी भेटायला आलीस म्हणून आनंदात तोंडून निघून गेलं. तुला वाटलं मला माहीत आहे. मी एवढासा होतो, मला कुठून माहीत असणार? आणि मला वाटलं तू वकिलीणबाईंना सांगते आहेस.

माझ्या तोंडात त्या दिवशी चुका नसत्या तर मी तिथेच विचारलं असतं, ताई, म्हणजे काय गं? आणि तू तिथेच सांगितलं असतंस. तेवढंच व्हायचं होतं.

चष्मेवाल्याला जाऊन म्हटलं, तुझा कोश दुरुस्त कर. चिंधीचोर म्हणजे चोरांमधला भिकार नाही. त्याने विचारलं, मग काय लिहू? मी म्हटलं, ज्याला बहिणीचा काठ हातात असल्याशिवाय झोप येत नाही तो. म्हणाला, "एवढी जागा नाही समासात." पण लिहिलं त्याने, पेन्सिलीने. मी पाहिलं.

तुझा
भाऊ

२ एप्रिल

ताई,

भाची म्हणते, तू आता 'ठोंब्या'ही म्हणतेस. जावईबापूंना म्हणतेस, आणि ते ओ देतात. कप आणि मांजर अजून नाही. ती मुलगी म्हणते, येईल, या वाटेने बाकीचे शब्दही येतील कदाचित, वेळ लागेल. ठोंब आहे, पान यायचंय.

मी येतोय. सोमवारच्या सकाळच्या गाडीने. ही सोबत आहे, म्हणजे गाडी चुकणार नाही, पण गाडीत मला खिडकीपाशी बसू देणार नाही, वारा लागतो म्हणून. गाडी वेळेवर असेल ना? वाटेत पूल आहे, तो बरा असेल ना? भाचीला म्हणावं, आम्हाला न्यायला येऊ नकोस, उगाच तुझ्याजवळचं माणूस हलेल. पत्ता माझ्याकडे आहे, दोन खिशांत वेगवेगळा लिहून ठेवलाय.

तुझ्या उजव्या हाताखाली ठेवायला एक उशी केली आहे. त्या मुलीने माप सांगितलं. आत काथ्या नाही, टोचेल. मऊ कापूस आणि त्याच्या आत चिंध्या, चांगली खोगीरभरती. चिंध्या माझ्याच जुन्या शर्टांच्या आहेत, गिऱ्हाइकाची एकही नाही, टेप घेऊन बघ हवं तर. एका बाजूचा काठ मुद्दाम लांब सोडलाय. पिवळा आहे. बोटांत धरायला बरा पडेल.

ही म्हणते, इतक्या वर्षांनी दारात उभे राहाल तेव्हा काय बोलाल ते आधी ठरवा, नाहीतर पायरीवर रडत बसाल. मी ठरवलं होतं, पण लिहून काढलं आणि तो कागद हिने कुठेतरी नीट ठेवला, आता सापडत नाही.

तेव्हा तूच बोल. मला बघून 'ये' म्हणायचा प्रयत्न करू नकोस. तो फार अवघड शब्द आहे, एका अक्षराचा असला तरी, आणि तुला तो जमला नाही तर मला वाटेल मी पुन्हा काहीतरी फोडलंय. तुला जे येतं तेच म्हण. मी दाराबाहेर थांबतो. ते ऐकलं की आत येतो.

चिंधीचोर